लायब्ररीतले सर आणि त्यांचे अठ्ठ्याहत्तर पत्ते

आमच्या लायब्ररीतल्या सरांइतकी हुशारी वाया घालवलेला माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि शोधताना जिल्हा कमी पडला तर लातूरही धरा, तरी नाही. लायब्ररीतले सर म्हणजे आमच्या कॉलेजचे सहायक ग्रंथपाल. काम काय, तर पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारायचा. एवढं करून माणसानं घरी जावं, भाकरी खावी, क्रिकेट बघावं. पण सरांना नाटकाचं वेड. बरं, नुसतं नाटकाचं असतं तर आम्ही सोसलं असतं, प्रत्येक कॉलेजात असा एखादा असतोच. सरांना नाटक पत्त्यांवरून बसवायचं वेड होतं. रमीचे पत्ते नाही, टॅरोचे. टीव्हीवर मोठ्या अंगठ्या घातलेल्या बायका तुमची जन्मतारीख विचारून मांडतात ना, ते.

हे पत्ते त्यांना हैदराबादला जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळाले. ते अठ्ठ्याहत्तर असायला पाहिजेत, घरी येऊन मोजले तर चौऱ्याहत्तर भरले. दुसरा कुणी असता तर विकणाऱ्याला चार शिव्या देऊन विषय सोडला असता. सरांनी राहिलेले चार पत्ते लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं काढले. मूळ चित्रात म्हणे एक माणूस झाडाला उलटा टांगलेला असतो. आमच्या पत्त्यात तो लाइनमन आहे, विजेच्या खांबाला एका पायानं लटकलेला, आणि तोंडावर काळजी कशी ती नाहीच. मूळ चित्रात मनोऱ्यावर वीज पडते. आमच्यात पाण्याची टाकी फुटलीय आणि दोन माणसं वरून खाली येतायत, एकाच्या हातात रिकामी घागर तशीच. पाठीमागच्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ अर्धं कापलेलं दिसतं, त्यामुळे हे चार पत्ते पालथे असले तरी आंधळ्यालाही ओळखू येतील. सरांना मात्र वाटायचं की कुणाला कळत नाही. सगळा गठ्ठा पोथी बांधायच्या लाल फडक्यात बांधून ते शर्टाच्या आत, पोटाशी ठेवायचे, त्यामुळे बारीक माणूस असूनही लांबून पोट सुटल्यासारखे दिसायचे.

आता त्यांची रोजची तऱ्हा ऐका. सकाळी लायब्ररी उघडली की आधी एक पत्ता काढायचे आणि दिवसभर तो पत्ता होऊन काम करायचे. सम्राट निघाला की पुस्तक असं द्यायचे जसं निजामानं जहागीर लिहून दिली. संन्यासी निघाला की बोलणं बंद, भर दुपारी हातात बॅटरी घेऊन रॅकांमधून फिरणार, तुम्ही अर्थशास्त्र मागा की आणखी काय मागा, ते बॅटरीचा झोत त्या पुस्तकावर पाडून उभे राहणार. एकदा विदूषकासारखा तो वेडा भटक्या निघाला, खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं, त्या दिवशी सर विद्यापीठाच्या तपासणी समितीला रॅकच्या मागून दर्शन देऊन पुन्हा गायब होत होते. समितीतल्या मॅडमनी विचारलं, “हे कोण?” आमचे प्राचार्य म्हणाले, “हंगामी आहेत.” सर बावीस वर्षं कायम आहेत.

साहजिकच गावभर झालं की कॉलेजात एक जण पत्त्यांवर भविष्य सांगतो. मग सुरू झाली वारीवर वारी. ऑफिसातला हेडक्लार्क आला, बढतीचं विचारायला. इतिहासाचे प्रोफेसर आले, मुलीची सोयरीक जमेल का म्हणून. खुद्द प्राचार्यांनी शिपायाकरवी निरोप पाठवला की सहज वेळ मिळाला तर केबिनमध्ये या, येताना ते घेऊन या. आता इथं चांगला माणूस काय करेल? दोन गोड गोष्टी सांगेल, चहा पिऊन येईल. सर काय करायचे, समोर पत्ता टाकायचे आणि विचारायचे, “ह्या चित्रातल्या माणसाला काय पाहिजे?” प्रोफेसर म्हणाले, “त्याला काय पाहिजे ते राहू द्या हो, माझ्या मुलीचं सांगा.” सर म्हणाले, “मला उद्या काय भाजी होणार ते म्हाईत न्हाई, तुमच्या मुलीचं कुठून सांगू? तुम्ही ह्या माणसाबद्दल बोला, आपण लिहून घेऊ, चांगला प्रवेश होईल.” प्रोफेसर उठून गेले. असे एकेक करून त्यांनी सगळे उठवले. शत्रू करायला लोकांना भांडावं लागतं, सरांचं नुसतं पत्त्यांवर व्हायचं.

आमच्या नाटकाच्या ग्रुपची तालीम म्हणजे तर बघायलाच नको. लायब्ररीचा वाचनकक्ष चारनंतर रिकामा असतो, तिथं. आल्या आल्या प्रत्येकानं पत्ता काढायचा, कुणाला दाखवायचा नाही, आणि त्या माणसासारखं दारातून आत यायचं. बाकीच्यांनी ओळखायचं की याला काय पाहिजे. तहान लागलीय का, कुणाला शोधतोय का, पळून जायचंय का. एकदा निघालेला पत्ता परत ठेवायचा नाही हा नियम. बालाजी उमरीहून रोज रेल्वेनं यायचा, शिडशिडीत, आवाज मात्र असा की प्लॅटफॉर्मवरची घोषणा थांबावी. त्याला एकदा मृत्यूचा पत्ता निघाला, पांढऱ्या घोड्यावर हाडांचा सापळा. बालाजी त्या दिवशी छान चालला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेला आणि आईला हौसेनं सांगून बसला. दुसऱ्या दिवसापासून बालाजी गायब. आईनं मारुतीला नारळ फोडला आणि पोराला घराबाहेर पडायची बंदी केली.

कुणीही फोन केला असता. सर म्हणाले, “चला लेखिकाबाई, उमरीला जाऊ.” लेखिकाबाई म्हणजे मी. एकांकिका मी लिहिलेली होती, पण सर ते नाव असं घ्यायचे की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. गेलो सकाळच्या गाडीनं. बालाजीच्या आईनं आधी पाणी दिलं, मग भाकरी वाढली, मग पदर खोचून बसली. सरांनी समजावलं की बाई, हा खेळ हाय, ह्याच्यात मरण-बिरण न्हाई. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पत्ते बघून डोळे मात्र चमकले. म्हणाली, “मग सर, तेवढं आमच्या म्हशीचं बघा. चार रोज झाले, पान्हा चोरून राहिली.”

मला वाटलं आता तरी सर म्हणतील की मावशी, डॉक्टर बोलवा. सरांनी फडकं सोडलं, म्हणाले, “काढा एक.” तिनं काढला. एक बाई सिंहाचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी असते, तो. सर म्हणाले, “ही तुमची म्हैस समजा. तिला काय पाहिजे? तुम्ही म्हैस होऊन बोला.” मी मान खाली घातली, इतकी लाज वाटली. आणि बालाजीची आई बोलायला लागली. “मला काय पाहिजे? कुणीतरी टायमाला पाणी दाखवावं. सकाळधरनं ह्याच्यासाठी राबा, त्याच्यासाठी राबा, आन् पाठीवरून हात फिरवायला कुणाला टाइम न्हाई. मोठा पुण्याला गेला तर फोनवर दोन मिनटं बोलतो, तेबी चालता चालता.” बालाजी म्हणाला, “आई, म्हशीचा मोठा पुण्याला कुठाय?” ती म्हणाली, “तू गप. म्हैस बोलून राहिली.” दहा मिनिटं म्हैस बोलली. सर मांडी घालून, वहीत एक अक्षर न लिहिता, नुसते ऐकत बसले होते. म्हैस त्या संध्याकाळी पान्हावली का ते मला माहीत नाही, बालाजी दुसऱ्या दिवशी तालमीला आला एवढं खरं. परतीच्या गाडीत मी म्हणाले, “सर, हे काही नाटक नाही.” ते म्हणाले, “हाव, तुमच्या नाटकात कुठं म्हैस हाय?” आणि झोपले.

माझ्या नाटकात म्हैस नव्हती, खरंय. माझ्या एकांकिकेचं नाव होतं ‘पोकळीचे पडसाद’. पात्रं तीन: तो, ती आणि काळ. शेहेचाळीस पानं, आणि ती मी तीन दिवसांत टाइप केली होती, माझा टायपिंगचा स्पीड कॉलेजात पहिला आहे. लातूरच्या स्पर्धेला ही एकांकिका न्यायची असं ठरलं तेव्हा मी घरी पेढे वाटले. तर सरांनी पहिल्याच वाचनाला विचारलं, “ह्या ‘तो’ला काय पाहिजे?” मी म्हणाले, “त्याला अस्तित्वाचा अर्थ पाहिजे.” “आन् ‘ती’ला?” “तिलाही तोच.” सर म्हणाले, “मग दोघांनी मिळून आणावा, भांडून कायको राहिले?” सगळे हसले. सगळ्यात जास्त शाहीन हसली, जी ‘ती’चं काम करणार होती. शाहीनच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकं बघून बघून ही कुणाचीही नक्कल करते.

मग निघाला तो पत्ता, ज्यानं माझी वाट लावली. काळी शाल पांघरलेलं कुणीतरी पाठमोरं उभं, समोर तीन पेले सांडलेले. मी म्हणाले, हाच काळ, बघा, किती जुळतंय. शाहीननं पत्ता हातात घेतला, म्हणाली, “कसला काळ? ही बाई हाय. लग्नात स्वयंपाकाचं काम घेते. बासुंदीची तीन पातेली सांडलीत आन् वरात दारात आलीय.” आणि उठून उभी राहिली आणि ती बाई झाली. कंबरेला हात, पातेल्याकडे बघते, वरातीकडे बघते, आणि एकदम सांडलेल्या बासुंदीवर आपली शाल टाकून त्याच्यावर उभी राहिली, चेहऱ्यावर हसू. लोक हसून हसून पडले. सर म्हणाले, “हे घ्या नाटकात.” झालं. त्या दिवसापासून रोज माझी दोन-तीन पानं जायला लागली आणि तिथं ती आचारीण यायला लागली. तो गेला. काळ गेला. बालाजी काळ होता, तो शेजारी झाला, जो जेवणावळीत पसरवतो की हिचं अन्न नासलंय. शेहेचाळीसची एकोणीस पानं झाली आणि शेवट कुणालाच सापडेना. मी घरी येऊन रडले. माझं नाव असलेल्या नाटकात माझं काहीच उरलं नव्हतं.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सुरू केलंय तर सांगते. मी एक अर्ज टाइप केला. ‘माननीय प्राचार्य, ग्रंथालयाचे सहायक टॅरोच्या पत्त्यांवर विद्यार्थ्यांचे भविष्य पाहतात. मुलींच्या मनावर याचा परिणाम होत आहे. तरी हा प्रकार तात्काळ बंद करावा.’ खाली नाव: एक पालक. आणि प्राचार्यांच्या ऑफिसच्या पेटीत टाकून आले. हे खोटं होतं आणि टाइप करताना मला माहीत होतं की खोटं आहे. सरांनी आयुष्यात कुणाला उद्याचं सांगितलं नाही, तेवढ्यासाठी तर लोक चिडले होते. पण म्हणूनच अर्ज लागू पडला. हेडक्लार्कनं बाजू घेतली नाही. इतिहासाचे प्रोफेसर म्हणाले, “मी तर पहिल्यापासून सांगत होतो.” प्राचार्यांनी सरांना आमच्यासमोरच बोलावलं, पत्ते मागितले आणि लोखंडी कपाटात ठेवले. चौकशी समिती बसेल, तोपर्यंत नाटकाकडे फिरकायचं नाही, स्पर्धा बारा दिवसांवर आहे तर दिग्दर्शक म्हणून प्रोफेसरसाहेबांचं नाव जाईल. सर एवढंच म्हणाले, “फडक्यातच राहू द्या साहेब. कोपरे दुमडतात.”

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. प्रोफेसर तालमीला आले नाहीत, मी शेहेचाळीस पानं परत आणली. दोन दिवस आम्ही तो, ती आणि काळ केलं. तिसऱ्या दिवशी शाहीन अर्ध्या वाक्यात थांबली. म्हणाली, “मी कायको रडून राहिले ते मला सांग आधी.” मी पानं चाळायला लागले. तिनं ओढणी नीट केली, पिशवी उचलली, म्हणाली, “सर नई तो मैं बी नई,” आणि गेली. बालाजी म्हणाला, “माझी गाडी हाय,” आणि तोही गेला, गाडीला अजून दोन तास होते तरी.

मी काउंटरवर गेले. सर शिक्क्याची तारीख बदलत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “तुमचा अर्ज वाचला. साहेबांनी दाखवला.”

“कुठला अर्ज, सर?”

“पालकाचा. लई चांगला लिहिला. पहिल्या ओळीत कळतं कोण आडवं येऊन राहिलं. तिसऱ्या ओळीत कळतं लिहिणाऱ्याला काय पाहिजे. आन् अर्ध्या पानात संपला. एवढं चांगलं तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. सर खरंच कौतुक करत होते, त्यांना दुसरं काही येतच नाही. मी म्हणाले, “मी आत्ता जाऊन साहेबांना सांगते.” ते म्हणाले, “सांगा. पण नऊ दिवस राहिले, आधी शेवट लिहा. त्या शेजाऱ्याला आता काय पाहिजे ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?” आणि पुढच्या मुलाचं पुस्तक घेतलं.

मी तशीच प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं की साहेब, तो अर्ज माझा आहे, खोटा आहे, परत द्या. प्राचार्यांनी चष्मा काढला, हेडक्लार्कला रजिस्टर आणायला लावलं आणि मला त्यातली ओळ दाखवली. म्हणाले, “याला आवक क्रमांक पडलाय. आता हा कागद तुमचा राहिला नाही. समितीपुढे जाईल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर वेगळा अर्ज द्या, त्याला वेगळा क्रमांक पडेल.” मी वेगळा दिला, खाली पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. त्याला क्रमांक पडला. तो फाइलला लागला. मग मी शाहीनच्या दुकानात गेले, बालाजीला तिथंच बोलावलं आणि दोघांना सांगितलं मी काय केलं ते. बालाजी बांगड्यांकडे बघत बसला. शाहीन गिऱ्हाइकाच्या हातात चुडा चढवत राहिली, आणि तो चढल्यावर म्हणाली, “शेवट लिहून आण. मग बघू.”

शेवट एक पान झाला. वरात जेवून गेलीय, पातेली उपडी घातलीत, आचारीण एकटी. शेजारी दारात येतो. आत येत नाही, जात नाही. मग खाली बसतो. ती ताट मांडते, त्याच्यापुढे ठेवते, आणि तो पहिला घास घेतो. संवाद नाही. लिहिताना दहा वेळा वाटलं त्याच्या तोंडी माफीचं एखादं वाक्य घालावं. नाही घातलं.

लातूरला आम्ही बसनं गेलो, पातेली मांडीवर घेऊन. सर आले नाहीत, येता येत नव्हतं. विंगेत मी उभी होते, हातात एकोणीस अधिक एक अशी वीस पानं. शेवटच्या प्रवेशाला बालाजी दारात आला आणि उभा राहिला, तालमीपेक्षा जास्त वेळ, इतका की मला वाटलं विसरला. मग बसला. शाहीननं ताट ठेवलं, आणि मी लिहिलेलं नसताना तिनं पाण्याचा तांब्याही भरून ठेवला. आमचा दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर दिग्दर्शक म्हणून इतिहासाच्या प्रोफेसरांचं नाव आहे, त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर जाऊन उभी राहिले. सरांनी नंबर विचारला नाही. म्हणाले, “शेवटाला लोक खोकले का?”

“न्हाई, सर. कुणीच न्हाई.”

“मग झालं,” म्हणाले, आणि पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला.

समिती बसली. माझे दोन्ही अर्ज वाचले गेले असं म्हणतात, आणि कुणावर ठपका ठेवायचा नाही असं ठरलं, म्हणून सरांची बदली झाली. संस्थेची किनवटला निवासी शाळा आहे, तिथल्या लायब्ररीत. पत्ते कपाटातच राहिले, कारण ते परत द्यायचे असं ठरावात कुणी लिहिलं नव्हतं. मी विचारायला गेले तर हेडक्लार्क म्हणाला, त्यासाठी सरांचाच अर्ज लागेल. सरांना सांगितलं तर म्हणाले, राहू द्या.

मी रविवारी त्यांना फोन करते. रेंज येते-जाते, मागून पोरांचा कल्ला असतो, कुणीतरी कुणालातरी ‘आता माझा नंबर’ म्हणत असतं. सर मधेच फोन लांब धरून ओरडतात, “थांबा रे, नांदेडहून फोन हाय,” आणि मग मला सांगत बसतात, एका पोरीनं आज काय केलं, एक पोरगा अजिबात बोलत नव्हता तो काय बोलला. पत्त्यांशिवाय काय करून राहिलेत ते मी विचारत नाही. मागच्या रविवारी मात्र विचारलं, “सर, परत कधी येणार?”

सरांनी फोन लांब धरून कुणाला तरी सांगितलं, “आता तुझा नंबर.”

“इथली पोरं लई चांगली हायेत,” ते म्हणाले.

मी म्हणाले, “हाव सर.” आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला, त्यांनी ठेवेपर्यंत.